अदृश्य युद्धनौकेची सेवापुस्तिका

सरकारी नोकरीत असलेल्या प्रत्येक माणसाची एक सेवापुस्तिका असते. तो केव्हा रुजू झाला, कोठे कोठे बदली झाली, कोणती कामगिरी बजावली, हे सारे तीत ओळीने नोंदलेले असते. आज आपण एका युद्धनौकेची सेवापुस्तिका उघडणार आहोत. ही नौका समुद्रात नव्हे, तर अवकाशात फिरणारी आहे. तिचे मालक परग्रहावरचे आहेत. आणि ती सर्वस्वी काल्पनिक आहे. चित्रीकरणासाठी तिचे एक छोटे प्रतिरूप बनवले गेले, एवढेच काय ते तिचे खरे अस्तित्व.

मग विज्ञानाच्या मासिकात तिचे काय काम, असे तुम्ही विचाराल. काम आहे. या नौकेच्या अंगी एक असा गुण आहे, की तो खरा ठरला तर भौतिकशास्त्राचे एक मोठे प्रकरण पुस्तकातून फाडून टाकावे लागेल. ती हवी तेव्हा अदृश्य होते! हा गुण कोठवर शक्य आहे आणि नेमका कोठे अडतो, ते आपण तिच्या एकेका कामगिरीवरून तपासू. नोंद चित्रपटाची, शेरा मात्र भौतिकशास्त्राचा.

नोंद पहिली : रुजू

‘स्टार ट्रेक’ ही अमेरिकन दूरचित्रवाणी मालिका १९६६ साली सुरू झाली. त्याच वर्षी १५ डिसेंबरला दाखवलेल्या एका भागात रॉम्युलन नावाच्या परग्रहवासीयांची अदृश्य होणारी युद्धनौका प्रथम प्रेक्षकांसमोर आली. समुद्राखाली लपलेली पाणबुडी आणि तिला वर शोधणारे जहाज, यांच्या लपंडावासारखाच हा खेळ होता. फक्त पाण्याच्या जागी अवकाश होते.

आपली नौका तिच्यानंतरची. १९८४ सालच्या ‘स्टार ट्रेक ३’ या चित्रपटात ती आली. तिचे मालक क्लिंगॉन नावाचे लढवय्ये लोक. तिचा आकार पंख पसरून झेप घेणाऱ्या पक्ष्यासारखा, म्हणून नाव ‘बर्ड ऑफ प्रे’, म्हणजे शिकारी पक्षी. तिचा पहिला सेनानी क्रूगे. अदृश्य होऊन शत्रूच्या जवळ जायचे आणि ऐन वेळी प्रकट होऊन तोफा डागायच्या, ही तिची पद्धत. कारण अदृश्य असताना तिला तोफा डागता येत नाहीत. तेवढी शक्ती उरत नाही.

पहिल्याच मोहिमेत तिचे बिंग फुटते. ‘एंटरप्राइझ’ या नौकेचा कप्तान कर्क याला पडद्यावर, ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर, एक जागा किंचित थरथरताना दिसते. तापलेल्या डांबरी रस्त्यावरची हवा उन्हाळ्यात थरथरताना आपल्याला दिसते ना, तशीच. तो सावध होतो आणि क्लिंगॉन नौका प्रकट होताच आधी वार करतो.

शेरा : वस्तू दिसते ती तिच्यावरून परावर्तित झालेला प्रकाश डोळ्यांत शिरतो म्हणून, किंवा ती मागचा प्रकाश अडवते म्हणून. तेव्हा अदृश्य व्हायचे तर मागच्या ताऱ्यांचा प्रकाश आपल्याभोवती वळसा घालून पुढे जाऊ दिला पाहिजे. ओढ्याचे पाणी दगडाला वळसा घालून पलीकडे पुन्हा एकत्र येते, तसे.

ही केवळ कल्पना राहिलेली नाही. २००६ साली अमेरिकेतील ड्यूक विद्यापीठात शास्त्रज्ञांनी खास रचनेच्या पदार्थाची कडी बनवून तांब्याच्या एका लहानशा नळकांड्याभोवती बसवली. सूक्ष्मतरंग त्या कड्यांतून वळसा घालून बऱ्याच अंशी पुढे गेले. मात्र हे एका ठराविक तरंगलांबीच्या आसपासच साधले. सर्व रंगांच्या प्रकाशासाठी, आणि तेही एखाद्या नौकेएवढ्या वस्तूसाठी, हे साधणे फार अवघड आहे.

आणि साधले, तरी दुसरी अडचण उभी राहते. सगळाच प्रकाश नौकेला वळसा घालून गेला, तर आतल्या माणसांच्या डोळ्यांत काय जाणार? बाहेरच्याला नौका दिसत नाही, तसे आतल्यालाही बाहेरचे काही दिसणार नाही. नौका अदृश्य आणि आंधळी, दोन्ही एकदमच! पाहायचे असेल तर थोडा प्रकाश आत घ्यावाच लागेल, आणि तेवढ्यापुरती पार्श्वभूमीवर काळी खूण उमटेल. कर्कला दिसलेली थरथर म्हणूनच पटण्यासारखी आहे.

नोंद दुसरी : मालक बदलला, सूर्याला वळसा

क्रूगेचा पराभव होतो आणि नौका कर्कच्या हाती लागते. १९८६ सालच्या ‘स्टार ट्रेक ४’ या चित्रपटात तिला नवे नाव मिळते, ‘बाउंटी’. १७८९ साली ज्या ब्रिटिश जहाजावर खलाशांनी बंड केले त्याचे हे नाव. कर्क आणि त्याचे सोबतीही वरिष्ठांची आज्ञा मोडून बाहेर पडलेले. म्हणून हा विनोद.

आता या नौकेला विचित्र काम मिळते. तेविसाव्या शतकात एक अज्ञात यान पृथ्वीजवळ येते आणि समुद्राकडे हाका मारू लागते. त्या हाका हंपबॅक जातीच्या देवमाशांच्या गाण्यासारख्या असतात. पण तोवर माणसाने शिकार करून करून ही जात नष्ट केलेली आहे, उत्तर देणार कोण? तेव्हा ‘बाउंटी’ने सूर्याला जवळून वळसा घालायचा, भूतकाळात १९८६ सालात जायचे आणि देवमासे घेऊन परत यायचे, असा बेत ठरतो.

शेरा : काळात मागे जाण्याचा भाग आपण कथाकाराला सोडून देऊ. पण सूर्याजवळून जाणे ही आता खरी गोष्ट आहे. ‘पार्कर सोलर प्रोब’ हे यान २४ डिसेंबर २०२४ रोजी सूर्याच्या पृष्ठभागापासून सुमारे ६१ लाख किलोमीटरवरून गेले. त्या वेळी त्याचा वेग ताशी ६ लाख ९० हजार किलोमीटरच्या घरात होता. त्याच्या पुढे ११.४ सेंटिमीटर जाडीची कार्बनची ढाल आहे. ढालीचे तोंड शेकडो अंश तापते, पण तिच्या सावलीतली उपकरणे खोलीच्या तपमानात राहतात.

त्याच्या सौरपट्ट्या तापू नयेत म्हणून आतून पाणी फिरवलेले असते, सुमारे पावणेचार लिटर. हे पाणी पट्ट्यांची उष्णता उचलते आणि रेडिएटरांकडे नेते; तेथून ती अवकाशात फेकली जाते. हे ‘फेकणे’ ध्यानात ठेवा. पुढच्या दोन्ही नोंदी त्यावरच उभ्या आहेत.

नोंद तिसरी : सॅन फ्रान्सिस्को, १९८६

‘बाउंटी’ अदृश्य स्थितीत सॅन फ्रान्सिस्कोच्या एका बागेत उतरते. नौका दिसत नाही. पण गवत दबते आणि कचऱ्याचा एक डबा चेपून सपाट होतो! चित्रपटातले हे दृश्य विनोदी असले तरी भौतिकशास्त्राला धरून आहे. प्रकाश चुकवता आला म्हणून वजन चुकत नाही.

मग देवमाशांसाठी टाकी बांधायची ठरते. पाण्याचे आकारमान १८,००० घनफूट आणि भिंत ६० फूट गुणिले १० फूट, असे आकडे चित्रपटातच दिलेले आहेत. नौकेचा अभियंता स्कॉटी विचारतो, की १८,००० घनफूट पाण्याचा दाब सोसायला भिंत किती जाडीची हवी? येथे थोडे थांबा. भिंतीवरचा दाब पाण्याच्या खोलीवर अवलंबून असतो, एकूण आकारमानावर नाही. १० फूट, म्हणजे सुमारे ३ मीटर खोलीशी दर चौरस मीटरला सुमारे ३०,००० न्यूटन इतका दाब पडतो. मग टाकी १८,००० घनफुटांची असो की १,८०० घनफुटांची. स्कॉटीसाहेबांचा प्रश्न मौखिक परीक्षेत नापास झाला असता!

शेरा : आता मुख्य मुद्द्याकडे येऊ. नौकेत दिवे आहेत, यंत्रे आहेत, माणसे आहेत. स्वस्थ बसलेला माणूससुद्धा सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. यंत्राने वापरलेली ऊर्जाही शेवटी उष्णतेतच जमा होते. ही उष्णता जाते कोठे?

जमिनीवर ती हवेला किंवा पाण्याला देता येते. अवकाशात हवा नाही. तेथे उष्णता टाकायचा मार्ग मुख्यतः एकच, तो म्हणजे प्रारण. प्रत्येक वस्तू आपल्या तपमानानुसार प्रारण बाहेर टाकत असते. नेहमीच्या तपमानाला ते डोळ्यांना न दिसणाऱ्या अवरक्त किरणांच्या रूपात असते. स्टीफन-बोल्ट्झमनचा नियम सांगतो, की हे प्रारण निरपेक्ष तपमानाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. तपमान दुप्पट केले की प्रारण सोळापट!

हिशेब करून पाहू. नौकेचे कवच १७ अंश सेल्सिअसला, म्हणजे २९० केल्विनला आहे असे धरा. मग आदर्श पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरमधून सुमारे ४०० वॅट बाहेर पडतात. नौकेचा पृष्ठभाग १०,००० चौरस मीटर मानू. हा आकडा आपण सोयीसाठी घेतलेला आहे. तर एकूण प्रारण ४० लाख वॅट, म्हणजे हजार वॅटच्या चार हजार इस्त्र्या एकाच वेळी चालू ठेवल्यासारखे. भोवतालच्या अवकाशाचे तपमान आहे जेमतेम २.७ केल्विन. अशा थंडगार काळोखात अवरक्त दुर्बिणीला ही नौका अमावास्येच्या रात्री माळावर पेटलेल्या होळीसारखी दिसेल.

“मग कवच थंड करून टाकू,” असे कोणी म्हणेल. करा की! पण घरातला फ्रिज आठवा. आतले दूध थंड होते तेव्हा मागची जाळी गरम होते. फ्रिज उष्णता नाहीशी करत नाही, ती आतून उचलून बाहेर नेतो. आणि हे करताना स्वतःची थोडी भर घालतो. कवच थंड ठेवायचे तर ती ४० लाख वॅटची उष्णता आत कोठे तरी साठवावी लागेल.

साठवायला आपल्याकडे काय आहे? देवमाशांची टाकी! १८,००० घनफूट म्हणजे सुमारे ५१० घनमीटर. पाणी झाले ५ लाख १० हजार किलोग्रॅम. एक किलोग्रॅम पाणी १ अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. म्हणून सगळे पाणी १ अंशाने तापायला सुमारे २१४ कोटी ज्यूल लागतील. त्याला ४० लाखांनी भागा. उत्तर येते ५३५ सेकंद, म्हणजे नऊ मिनिटे. दर नऊ मिनिटांना पाणी एका अंशाने चढणार. दीड तासात दहा अंश. आणि सुमारे सव्वाबारा तासांत १७ अंशांचे पाणी उकळू लागेल! ज्या देवमाशांसाठी एवढा खटाटोप केला, त्यांची कढी होईल.

म्हणजे लपता येईल, पण घटकाभरच. श्वास रोखून पाण्यात बुडी मारलेल्या माणसाप्रमाणे.

येथे एक वाजवी शंका येईल. उष्णता एकाच दिशेला, शत्रू नसेल तिकडे टाकली तर? हे काही अंशी शक्य आहे. २०२१ च्या डिसेंबरात सोडलेल्या जेम्स वेब दुर्बिणीला टेनिसच्या मैदानाएवढी, पाच पदरी सूर्यढाल आहे. ढालीची एक बाजू सूर्याकडे तोंड करून तापते, तर दुसऱ्या बाजूच्या सावलीत दुर्बीण उणे २०० अंशांच्याही खाली राहते. इतकी काळजी का? कारण दुर्बीण गरम असती तर तिच्याच अवरक्त किरणांनी ती आंधळी झाली असती. परंतु उष्णता टाकल्यावाचून तिचीही सुटका नाही; ढाल फक्त दिशा ठरवते. आणि त्या दिशेला कोणी उभा असेल, तर त्याला ती दिसणारच.

नोंद चौथी : खिटोमर

‘बाउंटी’ देवमासे घेऊन आपल्या काळात परतते आणि सॅन फ्रान्सिस्कोच्या उपसागरात कोसळते. देवमासे मोकळे होतात. नौकेला जलसमाधी मिळते. तिची स्वतःची पुस्तिका येथे संपते.

पण तिच्याच जातीच्या एका नौकेची पुढची नोंद पाहिल्याशिवाय आपला तपास पुरा होणार नाही. १९९१ सालच्या ‘स्टार ट्रेक ६’ मध्ये सेनापती चँग याच्याकडे सुधारलेली ‘बर्ड ऑफ प्रे’ आहे. ही अदृश्य राहूनच तोफा डागते. खिटोमर ग्रहाजवळ ती ‘एंटरप्राइझ’ला चहूबाजूंनी झोडपू लागते. नेम धरायचा कोठे? तेव्हा उहुरा नावाची संदेशवहन अधिकारी एक साधी गोष्ट सुचवते. तिचे म्हणणे असे, की इंजिन चालू आहे म्हणजे धूर सोडणारे नळकांडे कोठे तरी असलेच पाहिजे. वायू हुंगणारी उपकरणे एका अस्त्रावर बसवली जातात. अस्त्र नौकेने सोडलेल्या वायूंचा माग काढत जाते आणि अचूक जाऊन आदळते.

शेरा : या चार चित्रपटीय नोंदींत सर्वांत खरे भौतिकशास्त्र कोणते, असे विचाराल तर ते उहुराचे. उष्मागतिकीचा दुसरा नियम हेच सांगतो. उष्णतेपासून काम करून घेणारे कोणतेही इंजिन मिळालेली सगळी उष्णता कामात बदलू शकत नाही; काही भाग त्याला बाहेर टाकावाच लागतो. मोटारीला धुराचे नळकांडे, औष्णिक वीजकेंद्राला शीतक मनोरे, आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकाला अमोनिया फिरवणारे पांढरे रेडिएटर असतात. त्या रेडिएटरांची क्षमता सुमारे ७० किलोवॅट उष्णता टाकण्याची आहे. अमेरिकेच्या स्पेस शटलचे रेडिएटर मालकक्षाच्या दारांच्या आतल्या अंगाला होते. म्हणून कक्षेत पोचल्यावर ती दारे उघडावीच लागत. उघडली नाहीत तर मोहीम आवरती घेऊन लवकर परतणे भाग पडे.

उहुराची युक्ती आपल्या जगातही वापरलेली आहे. मुंबईच्या माझगाव गोदीत बांधलेली आणि २०१७ साली नौदलात दाखल झालेली ‘कलवरी’ ही डिझेल-विद्युत पाणबुडी आहे. अशा पाणबुडीला विद्युतघट भारण्यासाठी पृष्ठभागाजवळ येऊन एक नळी वर काढावी लागते. इंजिनाला हवा हवी आणि धूर बाहेर जायला हवा. दुसऱ्या महायुद्धानंतर ब्रिटनच्या ‘शॅकलटन’ विमानांवर असा डिझेलचा धूर हुंगणारे ‘ऑटोलायकस’ नावाचे यंत्र बसवलेले होते. पाणबुडी दिसत नसली तरी तिचा उच्छ्वास हवेत राहतो, आणि त्याचा माग काढता येतो.

ज्यांच्यासाठी नौका गेली, ते

आता शेवटी त्या देवमाशांकडे वळू, कारण हा नियम त्यांनाही लागू आहे. देवमासा हा मासा नव्हे; तो आपल्यासारखा फुप्फुसांनी श्वास घेणारा सस्तन प्राणी. अन्न जाळून ऊर्जा मिळवायची तर प्राणवायू आत घ्यायला आणि कार्बन डाय-ऑक्साइड बाहेर टाकायला त्याला वर यावेच लागते. वर आला की त्याच्या उच्छ्वासाचा फवारा काही मीटर उंच उडतो. शिकारी जहाजांवरचे टेहळे डोलकाठीवर बसून नेमका हाच फवारा शोधत. अथांग समुद्रात देवमाशाला लपायला जागा हवी तेवढी होती. त्याला पकडून दिले ते त्याच्या श्वासाने.

हंपबॅक देवमासे आपल्या अरबी समुद्रातही आहेत. इतर ठिकाणचे हंपबॅक ऋतूप्रमाणे हजारो किलोमीटर प्रवास करून ध्रुवांकडील थंड पाण्यात जातात. हे मात्र वर्षभर अरबी समुद्रातच राहतात. १९६६ च्या नोव्हेंबरात सोव्हिएत जहाजांनी ओमान, पाकिस्तान आणि वायव्य भारताच्या किनाऱ्यांपुढे यांपैकी दोनशेहून अधिक देवमासे बेकायदा मारले, आणि ही गोष्ट अनेक वर्षे लपवून ठेवली. पडद्यावरची पहिली अदृश्य नौका अवतरली ती याच्या पुढच्याच महिन्यात.

१९८२ साली आंतरराष्ट्रीय व्हेलिंग आयोगाने व्यापारी शिकार थांबवण्याचा ठराव केला. तो लागू झाला १९८६ च्या सुमारास, म्हणजे ज्या साली ‘बाउंटी’ बागेत उतरली त्याच वेळी. जगातील अनेक भागांत हंपबॅकची संख्या त्यानंतर चांगली वाढली. अरबी समुद्रातली मात्र सावरलेली नाही. ओमानच्या किनाऱ्यावरील अभ्यासात तेथील देवमाशांची संख्या शंभराच्याही आत असल्याचा अंदाज आला आहे. २०१७ साली ओमानजवळ ‘लुबान’ नावाच्या मादीच्या अंगावर उपग्रहाशी संपर्क साधणारे यंत्र लावले गेले. लुबान म्हणजे लोबान, आपला धूप. ती समुद्र ओलांडून गोव्याच्या किनाऱ्यापुढे आली आणि तेथून दक्षिणेकडे गेली. ती श्वास घ्यायला वर आली, की यंत्रावरील तार पाण्याबाहेर येई आणि संदेश उपग्रहाकडे जाई. एके काळी ज्या क्षणी भाला सुटत असे, त्याच क्षणी आता तिचा ठावठिकाणा कळत होता, आणि तो तिला वाचवण्याच्या कामी येत होता.

आता, विद्यार्थी मित्रांनो, सेवापुस्तिकेचा शेवटचा रकाना तुमच्यासाठी मोकळा ठेवला आहे. तुम्ही वाचलेल्या किंवा पाहिलेल्या कोणत्याही कथेतले एखादे अवकाशयान घ्या. त्यात माणसे किती, यंत्रे किती शक्तीची, पृष्ठभाग केवढा, याचा अंदाज बांधा. मग ते यान आपली उष्णता कोठून आणि किती टाकत असेल, त्याचा हिशेब मांडा आणि शेरा लिहून तुमच्या शिक्षकांना दाखवा.